३१ डिसेंबरच्या आत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



"अमेरिकेत काय पाहिलेत ते आम्हां सर्वांना सांगा," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी जरा विचारात पडले. नायगाराचा धबधबा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांची वर्णने या व्यासपीठावरून माझ्याआधी होऊन गेलेली आहेत, आणि ती माझ्याहून सरस झालेली आहेत. मीही ते सर्व पाहिले. परंतु पतपेढीत बत्तीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिलेल्या बाईची नजर, ती कुठेही गेली तरी, शेवटी हिशोबाकडेच जाणार. म्हणून आज मी बोलणार आहे ते तिथल्या करसवलतीबद्दल. उठून जाऊ नका! आपल्यापैकी निम्म्या जणींची मुले, सुना, नातवंडे त्या देशात आहेत, आणि या गोष्टीत त्यांच्या पदरच्या पैशांचा प्रश्न आहे. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लेकीने मनाला लावून घेतली नाही, पण मला ती अजून बोचते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही उभयता न्यू जर्सीला लेकीकडे गेलो आणि जानेवारी २०२६ मध्ये परत आलो. तिचे घर साठएक वर्षांपूर्वीचे, लाकडी. तळघरात गॅसची भट्टी, तिची गरम हवा नळकांड्यांतून सगळ्या खोल्यांत फिरते. घर बाहेरून फार गोजिरवाणे, पण हिवाळ्यात गॅसचे बिल येते तेव्हा जावईबापूंचा चेहरा पाहवत नाही. त्या दोघांनी ठरवले होते की त्या वर्षी घराची डागडुजी करायची, भट्टी काढून टाकायची आणि जुनी पेट्रोलची मोटार देऊन विजेवर चालणारी घ्यायची. हे सगळे एकाच वर्षी का? तर सरकारची सवलत संपत होती म्हणून.

ही सवलत काय होती ते आधी सांगते. १६ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे अध्यक्ष बायडन यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. नाव महागाई कमी करण्याचा कायदा, पण पोटात पुष्कळसा भाग विजेचा आणि हवामानाचा. त्याअन्वये घर राखणाऱ्या माणसाला असे सांगण्यात आले की तू आपल्या घरातून वाया जाणारी ऊब अडवलीस, माळ्यावर जाड अस्तर घातलेस, फटी बुजवल्यास, खिडक्या बदलल्यास, तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम तुझ्या आयकरातून कमी करू. छपरावर सौरतावदाने बसवलीस तरी ३० टक्के. विजेची नवी मोटार घेतलीस तर ७,५०० डॉलरपर्यंत, आणि जुनी घेतलीस तर ४,००० पर्यंत. हा कायदा घरांच्या बाबतीत २०३२ सालापर्यंत चालायचा होता. लोक निर्धास्त होते.

आता "करातून कमी" या शब्दांकडे लक्ष द्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. आपण ज्याला वजावट म्हणतो ती उत्पन्नातून होते. समजा, दोन हजार डॉलरांची वजावट मिळाली आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर तुमचे वाचतात फक्त ४४०. पण ही सवलत थेट करातून वजा होते. कर नऊ हजार असेल तर तो सात हजारच भरायचा, दोन हजार पूर्ण खिशात. हिशोबाच्या दृष्टीने हे वजावटीपेक्षा कितीतरी चांगले. मात्र मुळात कर शून्य असेल तर शून्यातून काय वजा करणार? त्या प्रश्नाशी आपण थोड्या वेळाने येऊ.

आणखी एक. तीस टक्के म्हणजे नेहमीच तीस टक्के नव्हते. अस्तर, खिडक्या, दारे वगैरे मिळून वर्षाला १,२०० डॉलरांची मर्यादा. त्यात खिडक्यांना ६००, घराची तपासणी करवली तर १५०. हीट पंपाला वेगळी मर्यादा २,००० ची. लेकीकडे हीट पंपाचा अंदाज आला १६,००० डॉलर. त्याचे तीस टक्के होतात ४,८००, पण मिळायचे दोन हजारच. अस्तराच्या कामात तर मजुरी धरायचीच नाही, नुसता माल धरायचा. बिलात दोन्ही एकत्र लिहून आले तर पंचाईत. म्हणून मी पहिल्या दिवशीच कंत्राटदाराला सांगायला लावले की मालाचे आणि मजुरीचे आकडे निरनिराळे लिहा. तो हसला, पण त्याने लिहिले.

हीट पंप म्हणजे काय हे मला आधी समजले नव्हते. आपल्या घरच्या फ्रीजच्या मागे हात लावून पाहा, गरम लागतो. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. हीट पंप नेमके उलट करतो, बाहेरच्या थंड हवेतही जी थोडी उष्णता असते ती उचलून घरात आणतो. उष्णता तयार करावी लागत नाही, नुसती वाहून आणायची. म्हणून वीज कमी लागते. उन्हाळ्यात तेच यंत्र उलटे चालवले की घर गार.

ऑक्टोबरमध्ये घराची तपासणी झाली, ती मात्र पाहण्यासारखी होती. एक मुलगा आला, त्याने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवले, त्यात एक मोठा पंखा अडकवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. सगळी दारे-खिडक्या बंद. बाहेरची हवा मग मिळेल त्या फटीतून आत शिरू लागली. मला त्याने हात धरून स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली नेले आणि तिथे हात ठेवायला सांगितला, तर गार झोत! विजेच्या बटणांच्या पेट्यांतून, माळ्याच्या झाकणाच्या कडेने, सगळीकडून वारा. लेक म्हणाली, "आई, इतकी वर्षे आपण हे गल्ल्यात पैसे टाकून तापवत होतो." आपल्याकडे थंडी ती किती, तेव्हा हे दुःख आपल्याला ठाऊक नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्या बाईला छपराची किंमत कुणी शिकवायला नको.

तपासणीची फी ४०० डॉलर झाली, त्यातून १२० परत मिळण्यासारखे. माळ्यावरचे अस्तर नोव्हेंबरच्या मध्याला घातले गेले. मालाचे १,४०० डॉलर, म्हणजे सवलत ४२०. इथपर्यंत सर्व ठीक.

आता मधली हकीकत. ४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे आम्ही तिथे पोचण्याच्या महिनाभर आधी, अध्यक्ष ट्रम्प यांनी दुसऱ्या एका मोठ्या कायद्यावर सही केली होती, आणि त्यात या सवलतींची मुदत अलीकडे ओढली होती. २०३२ चे झाले २०२५. मोटारींची सवलत ३० सप्टेंबरला बंद, घरांची आणि सौरतावदानांची ३१ डिसेंबरला बंद. सरकार बदलले की सरकारची वही बदलते, हे आपल्याला नवे नाही. तिथेही नवे नाही. जावईबापूंनीच मला सांगितले की १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या वेळी अशीच सवलत सुरू झाली होती. तेलाची टंचाई होती, कार्टरसाहेब स्वतः लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर बोलले होते. १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी सौरतावदाने बसवली. १९८५ अखेर ती सवलत संपली आणि १९८६ मध्ये, रेगन अध्यक्ष असताना, ती तावदानेही उतरवली गेली. पुढे मेन राज्यातल्या एका कॉलेजने ती नेऊन आपल्या भोजनगृहावर लावली आणि मुलांसाठी पाणी तापवले. मग २००५ मध्ये घरांसाठी सवलत पुन्हा आली, २००८ मध्ये मोटारींसाठी आली. येते आणि जाते. मधल्या वेळात ज्याचे काम झाले त्याचे झाले.

आणि ती पुष्कळांची झाली, हेही सांगितले पाहिजे. २०२३ या एका वर्षात ३४ लाखांहून अधिक कुटुंबांनी घराच्या कामांसाठी ही सवलत घेतली आणि तिची रक्कम ८४० कोटी डॉलर झाली.

सप्टेंबरच्या अखेरीस मोटारींच्या दुकानांत जी गर्दी उसळली ती आपल्याकडच्या धनत्रयोदशीची आठवण करून देणारी होती. त्या तीन महिन्यांत तिथे विजेच्या मोटारींची विक्री विक्रमी झाली. लेकीला हव्या त्या रंगाची गाडी दुकानात नव्हती, ती ऑक्टोबरमध्ये येणार होती. मग काय करायचे? तर आयकर खात्याने खुलासा केला होता की ३० सप्टेंबरपर्यंत लेखी करार झाला आणि काही रक्कम भरली, तर गाडी पुढे ताब्यात आली तरी चालेल. म्हणजे आपली इसारपावतीच की! २७ सप्टेंबरला करार झाला, इसार दिला, ऑक्टोबरमध्ये गाडी आली आणि ७,५०० डॉलर दुकानदाराने किमतीतूनच वजा केले. गाडीची किंमत, ती कुठे जुळवली आणि त्यातली बॅटरी कुठली, नवराबायकोचे मिळून उत्पन्न तीन लाख डॉलरांच्या आत आहे की नाही, या सगळ्या अटी होत्या. त्या बसत होत्या. त्या दिवशी मी शिरा केला.

ही इसारपावती माझ्या डोक्यात घट्ट बसली, आणि तिथेच घात झाला.

हीट पंपाचा करारही ऑक्टोबरमध्येच झाला होता. चार हजार डॉलर आगाऊ दिले होते, पावती हाती होती. कंत्राटदाराने ११ डिसेंबर तारीख दिली. भट्टी काढून नवे यंत्र बसवायला दोन दिवस लागणार, तेवढा वेळ घर थंड राहणार. आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या यजमानांना न्यूमोनिया झाला. घरी आणले, पण खोकला थांबेना, बाहेर बर्फ. अशा माणसाला दोन दिवस थंड घरात कसे ठेवायचे? लेक म्हणाली, बाबांना आपण मैत्रिणीकडे नेऊ, काम होऊन जाऊ दे. मी म्हणाले, "आजारी माणसाला परक्या घरी कशाला नाचवायचे? पुढची तारीख घे. पैसे ऑक्टोबरमध्ये दिले आहेत, पावती ऑक्टोबरची आहे. मोटारीचे नाही का तसेच झाले? ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षाचा खर्च. बत्तीस वर्षे मी हेच केले आहे."

इतक्या ठामपणे सांगितले की तिने दुसरीकडे विचारलेसुद्धा नाही. कंत्राटदाराकडे वर्षअखेरीची झुंबड होती. त्याची पुढची मोकळी तारीख निघाली ६ जानेवारी.

नाताळच्या सुटीत जावईबापू नियम वाचत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण लेकीला आत बोलावून त्यांनी पडद्यावर दाखवले, आणि तिचा चेहरा पाहून मला समजले. घराच्या बाबतीत इसार चालत नव्हता. पैसे कधी दिले याला किंमत नव्हती. वस्तू ३१ डिसेंबरच्या आत घरात बसून चालू झालेली पाहिजे होती. एकाच कायद्याच्या दोन कलमांत दोन नियम! मोटारीला करार पुरे, घराला काम पुरे झालेले हवे. सौरतावदानांनाही तसेच, बसवून पूर्ण झाली पाहिजेत. सहा दिवसांनी दोन हजार डॉलर गेले. त्या वेळच्या भावाने आपले पावणेदोन लाख रुपयांच्या वर.

लेक म्हणाली, "आई, बाबा बरे झाले ना, मग झाले." ती मोठ्या मनाने म्हणाली, तरी हिशोब हिशोबाच्या जागी असतो. त्यांना मैत्रिणीकडे ठेवता आले असते. मी विचारून घ्यायला हवे होते. मी सांगून टाकले. ही माझी चूक.

आता शून्यातून वजाबाकीची गोष्ट. लेकीच्या समोरच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहतात. पंच्याऐंशीच्या आसपास, पती वारलेले, सरकारी निवृत्तिवेतनावर गुजराण. माझे मोडकेतोडके इंग्रजी आणि त्यांचे कमी ऐकू येणे यांची छान जोडी जमली. त्या दुपारी केक घेऊन यायच्या, मी चिवडा द्यायची. एकदा त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात नेले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले कागद काढले. २०२४ मध्ये त्यांनी पाणी तापवायचा हीट पंप बसवला होता, बिल ४,००० डॉलर. विकणाऱ्याने सांगितले होते की यातले १,२०० सरकार परत देईल. त्या वाट पाहत होत्या. विकणाऱ्याला त्यांनी दोनदा फोन केला होता, तो म्हणे करवाल्यांना विचारा.

मी कागद पाहिले. त्यांचे उत्पन्न इतके थोडे की त्यांना आयकर लागतच नव्हता. कर नाही, तर करातून वजा करायला काही नाही. १,२०० मधला एक डॉलरही त्यांना मिळण्यासारखा नव्हता, आणि घराच्या या कामांची उरलेली सवलत पुढच्या वर्षी ओढताही येत नव्हती. सौरतावदाने असती तर पुढे ओढता आली असती. मोटार असती तर १ जानेवारी २०२४ पासून दुकानदाराकडेच किमतीतून रक्कम कमी करून घेता येत होती, मग कर लागो न लागो. पण बाईंना मोटार चालवता येत नाही, आणि पाणी मात्र रोज लागते! ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांना तो परत मिळाला, आणि ज्या बाईने साठवणीतून चार हजार काढले तिला नाही. यात कुणी फसवले असेही म्हणता येत नाही. नियम कागदावर छापलेलाच होता. पण मला तो नियम अन्यायाचा वाटला, आणि अजून वाटतो.

त्यांना हे सांगणे मोठे कठीण गेले. त्यांनी शांतपणे ऐकले, कागद परत डब्यात ठेवले आणि म्हणाल्या की पाणी मात्र छान तापते.

आता आपल्यापैकी ज्यांची मुले तिथे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सवलत संपली असली तरी २०२५ अखेरपर्यंत पूर्ण झालेल्या कामांचा हक्क त्या त्या वर्षाच्या विवरणपत्रात असतो. २०२५ च्या विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल २०२६. कुणी मागल्या वर्षांत काम करून सवलत मागायची विसरले असेल, तर साधारणपणे विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांच्या आत दुरुस्त विवरणपत्र देता येते. घराच्या कामाचा तक्ता ५६९५ क्रमांकाचा, मोटारीचा ८९३६. २०२५ मध्ये बसवलेल्या खिडक्या किंवा हीट पंप असतील तर कारखानदाराचा चार अक्षरांचा संकेतांक लागतो. तो बिलावर नसेल तर मागून घ्यावा. फोनवर मुलांना एवढे विचारा. "जेवलास का" हे विचारून झाल्यावर विचारा.

आणि आपल्याकडे? गेल्या बैठकीत पाटणकर वाड्यातल्या भगिनींनी छपरावरच्या सौर विजेबद्दल विचारले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेची तऱ्हा वेगळी आहे. तिथे करातून वजा नाही, अनुदान आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन वा अधिकला ७८,०००. यंत्रणा बसून, तपासणी होऊन मग ते बँकेच्या खात्यात जमा होते. तुम्ही आयकर भरता की नाही, हे कुणी विचारत नाही. समोरच्या त्या बाई इथे असत्या तर त्यांना पैसे मिळाले असते. या बाबतीत आपली रीत मला सरस वाटली, आणि हे मी देशाभिमानाने नव्हे, हिशोबाने सांगते.

पण इथेही एक खोच आहे. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो. आपल्यापैकी किती जणींच्या घरचे वीज मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे? हात वर करा म्हणत नाही, पण मी आमच्या गल्लीत विचारत फिरले, आणि नऊ घरांपैकी चार घरी ते तसे आहे. आमच्याही घरी होते. मी परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, वारसांची संमती, दोन खेपा. यजमान म्हणाले, घाई काय आहे? मी त्यांना ६ जानेवारी ही तारीख सांगितली. ते उठले आणि चपला घालून बरोबर आले.

मंडळाच्या या सभागृहाच्या छपराचे काय, असेही चिटणीसबाईंनी मला कानात विचारले आहे. ती योजना राहत्या घरांसाठी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक दिव्यांसाठी आणि पंपांसाठी किलोवॅटला १८,००० रुपये आहेत, पण आपल्या सभागृहाला ते लागू नाही. त्याची वर्गणी आपल्यालाच काढावी लागेल, आणि तो विषय कार्यकारिणीचा आहे.

मीटरच्या नावबदलाच्या अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे. चहाच्या वेळी मी खिडकीजवळ बसते. ज्यांना हवा असेल त्यांनी उतरून घ्यावा.